डॉ. प्रभा अत्रे यांचें संगीताध्यापन व त्याचें ऐतिहासिक स्थान

(१)

पिंप्राळा हें गांव आतां जळगांव शहरांतच मोडतें. आषाढी एकादशीस तेथें विठ्ठलाचा रथ निघतो व टाळमृदंगाच्या नादांत भजन चालतें. खानदेशांतील गांवोगांवचें संगीत पुष्कळ अंशीं याच जातीचें आहे: देवळांतील भजन, कीर्तन, जात्यावरची ओवी, लग्नकार्यांतील गाणीं. हें संगीत कोणीं कोणास शिकविलें असें विचारल्यास एका नांवांत उत्तर देतां येत नाहीं. तें ऐकतां ऐकतां येतें. परंतु ज्यास आपण शास्त्रोक्त संगीत म्हणतों त्याची गोष्ट निराळी आहे. त्यास गुरु लागतो, वर्षानुवर्षांची तालीम लागते, आणि तें कोणीं शिकवावें व कोणीं शिकावें याविषयीं समाजाचे निर्बंध असतात. हे निर्बंध गेल्या सव्वाशें वर्षांत कसकसे सैल झाले, आणि त्यांत स्त्रियांच्या वांट्यास काय आलें, हा प्रश्न महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचाच एक भाग होय. सनदा, वतनें व लढाया यांच्या इतिहासाइतकें लक्ष मात्र अद्यापि त्याकडे गेलेलें नाहीं.

प्रस्तुत लेखांत डॉ. प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांच्या चरित्राच्या आधारें या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांच्या गायनाची थोरवी वाचकांस विदित आहेच. तिचें वर्णन करण्याचा येथें हेतु नाहीं. त्यांचा जन्म पुण्याचा, व कार्यक्षेत्र मुख्यत्वें पुणें व मुंबई हें होय. तथापि गायिका, नभोवाणीवरील अधिकारी, विद्यापीठांतील विभागप्रमुख, ग्रंथकर्त्री व गुरुकुलाच्या संस्थापक अशा पांच भूमिका एकाच स्त्रीच्या आयुष्यांत एकत्र आल्यामुळें, संगीतविद्या घरांतून संस्थेंत कशी गेली हें त्यांच्या चरित्रावरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच दुसरीकडे दिसेल. जिल्ह्याच्या गांवीं आज मुली गाण्याच्या परीक्षा देतात व पुढें गाण्याच्या शिक्षिका होतात, त्याचें मूळ याच स्थित्यंतरांत आहे.

(२)

प्रथम आपल्याच प्रांतांतील पूर्वस्थिति पाहूं. इ. स. १८८८ त जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच पुढें बालगंधर्व या नांवानें विख्यात झालेले नट, लहानपणीं शिक्षणासाठीं जळगांवास आप्तांकडे राहत असत. तेथेंच मेहबूबखाँ यांजकडून त्यांस गाण्याचे आरंभींचे धडे मिळाले. इ. स. १९०५ त ते किर्लोस्कर नाटक मंडळींत गेले व स्त्रीभूमिका करूं लागले. त्यांच्याच पिढींतील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या जळगांवाजवळच्या आसोदें गांवच्या. जळगांवास नांदावयास आल्या, आणि शेतांत व घरांत राबतां राबतां त्यांनीं आपलीं गाणीं रचिलीं. हीं दोन चरित्रें शेजारीं ठेवून पाहावीं. मुलास उस्ताद मिळाला, रंगभूमि मिळाली, आणि स्त्रीचें गाणें लोकांपुढें गाण्याचा मान मिळाला. बहिणाबाईंस मात्र अक्षरओळखहि मिळाली नाहीं. त्यांचीं गाणीं टिकलीं तीं त्यांचे चिरंजीव कवि सोपानदेव यांच्या पिढीनें लिहून ठेविलीं म्हणून, व पुस्तकरूपानें लोकांपुढें आलीं तीं त्यांच्या मृत्यूनंतर, इ. स. १९५२ त. यावरून उघड आहे कीं, गुणाची वाण नव्हती. स्त्रीच्या गुणास शिकण्याची व शिकविण्याची जागा नव्हती.

शास्त्रोक्त गाणें उत्तम प्रकारें जाणणाऱ्या स्त्रिया त्या काळीं नव्हत्या असें नाहीं. परंतु त्या बहुतेक कलावंतिणींच्या कुळांतील असत. त्यांच्या विद्येस मागणी होती, पण तिजबरोबर प्रतिष्ठा येत नसे. उलटपक्षीं प्रतिष्ठित म्हणविणाऱ्या घरांतील मुलीनें गाणें शिकणें हा कमीपणा मानीत. ही कोंडी फोडणाऱ्यांत हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांचें नांव अग्रभागीं आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ व ताराबाई माने यांच्या त्या कन्या. त्यांनीं तिकिटें लावून जाहीर जलसे केले, बंधु सुरेशबाबू माने यांच्यासह नाट्यव्यवसायांत पडून स्वतः रंगभूमीवर कामें केलीं, आणि सभेंत शांतपणें बसून गाणारी स्त्री हें दृश्य महाराष्ट्राच्या अंगवळणीं पाडलें. हिराबाईंनीं मैफलीचें दार उघडलें. शिक्षणसंस्थेच्या अधिकारपदाचें दार उघडावयाचें अद्यापि राहिलेंच होतें.

(३)

संस्थांचा उदय हा या इतिहासाचा दुसरा धागा. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं इ. स. १९०१ च्या मे महिन्यांत लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें व इ. स. १९०८ त मुंबईस तसेंच विद्यालय सुरू केलें. त्यांच्या पश्चात् त्यांच्या शिष्यांनीं मंडळ स्थापून परीक्षांची पद्धत सर्वत्र पसरविली. प्रारंभिकपासून विशारद व अलंकारपर्यंतच्या या पायऱ्यांमुळें कोणाच्याहि मुलीस कोणत्याहि घराण्याच्या दारांत न जातां गाण्याचा अभ्यास करतां येऊं लागला. दुसरीकडे विष्णु नारायण भातखंडे यांनीं उस्तादांच्या घरांत जपलेल्या चिजा स्वरलिपींत उतरवून क्रमिक पुस्तकांत छापल्या. इ. स. १९१६ त बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती त्यांच्याच पुढाकारानें, व इ. स. १९२६ त लखनौचें संगीत महाविद्यालय निघालें त्यांतहि त्यांचा प्रमुख हात होता.

ज्या १९१६ सालीं बडोद्याची परिषद भरली त्याच सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं पुण्यास महिला विद्यापीठ स्थापिलें. इ. स. १९२० त विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली, व त्यांच्या मातुःश्रींचें नांव विद्यापीठास देण्यांत आलें. तेंच आजचें श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ होय. स्त्रीशिक्षणाची चळवळ व संगीतशिक्षणाची चळवळ या दोन नद्या आरंभीं निरनिराळ्या वाहत होत्या. त्यांचा संगम ज्या थोड्या व्यक्तींच्या ठायीं झाला त्यांत प्रभाताईंची गणना केली पाहिजे.

(४)

प्रभाताईंचा जन्म पुणें येथें १३ सप्टेंबर १९३२ रोजीं झाला. आबासाहेब व इंदिराबाई अत्रे हे त्यांचे मातापिता. घराण्यांत गाण्याची परंपरा नव्हती. इंदिराबाईंची प्रकृति बरी नसे. गाणें शिकल्यास मन रमेल अशा कोणाच्या सूचनेवरून त्यांनीं शिकवणी लावली. आईचें शिक्षण थोड्याच दिवसांत थांबलें, परंतु तें ऐकत बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीस गाण्याची गोडी लागली. पुढें सुरेशबाबू माने यांजकडे तिची रीतसर तालीम सुरू झाली. इ. स. १९५३ त सुरेशबाबू निवर्तले, व नंतर हिराबाईंचें मार्गदर्शन लाभलें. हिराबाईंच्या मागें बसून त्यांस मैफलींत स्वरसाथ करणें हा या शिक्षणाचा मोठा भाग होता. राग कसा मांडावा, श्रोत्यांकडे कसें पाहावें, कोठें थांबावें, या गोष्टी वहींत उतरून घेतां येत नाहींत. त्या मागें बसूनच कळतात.

याच्या जोडीस दुसरें शिक्षण चाललें होतें. प्रभाताई विज्ञानाच्या पदवीधर झाल्या, कायद्याचीहि पदवी त्यांनीं घेतली, गांधर्व महाविद्यालय मंडळाची संगीत अलंकार ही परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, आणि शेवटीं संगीत विषयांत त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. पाश्चात्त्य संगीताच्या उपपत्तीचाहि त्यांनीं अभ्यास केला. शिवाय आरंभींच्या काळांत ‘सौभद्र’, ‘मानापमान’, ‘संशयकल्लोळ’ इत्यादि संगीत नाटकांतून त्यांनीं भूमिका केल्या. ज्या नायिकांच्या भूमिका बालगंधर्वांनीं गाजविल्या होत्या त्या आतां शिकलेली, पदवीधर स्त्री स्वतः करीत होती. जळगांवच्या मेहबूबखाँपासून येथवरचें हें अंतर सुमारें साठ वर्षांचें आहे.

(५)

त्यांच्या प्रबंधाचा विषय ‘सरगम’ हा होता. ही निवड आम्हांस अर्थपूर्ण वाटते, व तिचा थोडा खुलासा केला पाहिजे. सा, रे, ग, म हीं स्वरांचीं नांवें म्हणजे विद्यार्थ्याचीं मुळाक्षरें. गाणें शिकणारें मूल प्रथम अलंकार घोकतें तें याच नांवांनीं. मैफलींत मात्र गवय्यानें हीं नांवें उच्चारणें पुष्कळांस रुचत नसे. बांधलेल्या घरासमोर पाड तसाच उभा ठेवावा तसें तें त्यांस वाटे. अब्दुल करीमखाँ यांनीं दक्षिणेकडील संगीताचा परिचय करून घेऊन सरगमेचा उपयोग आपल्या गायकींत केला, आणि अमीरखाँ व बडे गुलाम अलीखाँ यांनींहि आपापल्या रीतीनें तिला स्थान दिलें. या दोघांच्या गायकीचा प्रभाव प्रभाताईंवर होता. ख्यालांत सरगम घेण्यास टीकाकारांचा विरोध होत असतांहि त्यांनीं ती सोडली नाहीं. उलट तिचें सौंदर्य कशांत आहे, आलाप व तान यांहून तिचें काम वेगळें कसें, याची त्यांनीं शास्त्रशुद्ध मांडणी केली.

यांत लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, सरगम ही वर्ग व मैफल यांच्या सीमेवर उभी आहे. शिक्षक जी वस्तु शिकविण्यासाठीं वापरतो तीच कलावंत रसनिर्मितीसाठीं वापरूं शकतो, हें त्यांनीं प्रतिपादिलें व गाऊनहि दाखविलें. शिकविणें व गाणें हीं दोन परस्परविरोधी कामें आहेत, आणि शिक्षक तो गवई नव्हे, असा एक समज आपल्याकडे रूढ होता. त्या समजास प्रबंधाच्या विषयांतच उत्तर आहे.

(६)

प्रभाताई कांहीं काळ आकाशवाणीवर सहायक निर्मात्या होत्या. नभोवाणीनें संगीताच्या आश्रयाचें स्वरूपच पालटलें. संस्थानिकांच्या दरबारांत गवय्याचा दर्जा राजाच्या मर्जीवर ठरे. नभोवाणीवर तो श्रवणचाचणी घेऊन, श्रेणी लावून ठरूं लागला. पूर्वीं जें गाणें मोठ्या शहरांतील दिवाणखान्यांत होई तें आतां यंत्राच्या द्वारें खेड्यांतील घरांतहि ऐकूं येऊं लागलें. इ. स. १९७१ त निघालेली प्रभाताईंची मारुबिहाग व कलावती या रागांची ध्वनिमुद्रिका घरोघर गेली, आणि गुरूचें तोंडहि न पाहिलेल्या अनेकांनीं तिच्यावरून अभ्यास केला.

इ. स. १९७९ त त्या महिला विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्राध्यापक व प्रमुख झाल्या, आणि इ. स. १९९२ पर्यंत त्या पदावर राहिल्या. विभागप्रमुखाचें काम म्हणजे केवळ शिकविणें नव्हे. अभ्यासक्रम ठरविणें, कोणत्या वर्षीं किती राग शिकवावे याचा निर्णय करणें, प्रात्यक्षिक व लेखी परीक्षांची व्यवस्था पाहणें, संशोधनास मार्गदर्शन करणें, हें सर्व त्यांत येतें. गुरूच्या घरीं शिष्याची तयारी पाहून पुढचा राग मिळतो. विद्यापीठांत सत्र संपलें कीं पुढचा राग घ्यावाच लागतो. गुरूच्या घरीं एक राग वर्षभर चालेल; वर्गांत तास संपल्याची घंटा वाजते. या दोन काळमानांचा मेळ घालणें हेंच या पदावरील खरें कठीण काम होय. तें काम करणारी व्यक्ति स्वतः घराण्याची तालीम घेतलेली, मैफल गाजविणारी, व त्याबरोबरच विद्यापीठाच्या शिस्तींतून गेलेली असावी, हा योग त्या तेरा वर्षांत जुळून आला.

हा मार्ग त्या एकट्याच चालल्या असें मात्र समजूं नये. इ. स. १९१६ त बालाघाट येथें मराठी कुटुंबांत जन्मलेल्या डॉ. सुमती मुटाटकर यांनीं ग्वाल्हेरीस राजाभैया पूंछवाले व पुढें श्रीकृष्ण रातंजनकर यांजकडे विद्या घेतली, आकाशवाणीवर अधिकाराचें काम केलें, आणि दिल्ली विद्यापीठाच्या संगीत शाखेचें प्रमुखपद भूषविलें. तालीम, नभोवाणी व विद्यापीठ हा तोच क्रम येथेंहि दिसतो. एक चरित्र भातखंड्यांच्या परंपरेंतून निघालें, दुसरें किराण्याच्या घराण्यांतून. तरी दोन्हींचा शेवट विद्यापीठाच्या अधिकारपदावर झाला. तेव्हां हा व्यक्तीचा चमत्कार नसून काळाचा ओघ होता, असें म्हणण्यास आधार मिळतो.

(७)

आतां एका आक्षेपाचा विचार करूं. विद्यापीठांतून पदवीधर निघतात, गवई निघत नाहींत, असें पुष्कळदां म्हटलें जातें. हा आक्षेप अगदींच निराधार आहे असें आम्हांस वाटत नाहीं, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा प्रभाताईंच्या चरित्रांतच आहे. विद्यापीठांतील काम संपल्यावर त्यांनीं इ. स. २००० मध्यें आपल्या नांवाचें प्रतिष्ठान स्थापिलें व पुण्यास ‘स्वरमयी गुरुकुल’ उभारलें. गुरूच्या सान्निध्यांतील जुनी तालीम आणि आजच्या शिक्षणाची पद्धत यांची सांगड घालणें हा त्या गुरुकुलाचा हेतु होता. तेरा वर्षें विभाग चालविलेल्या व्यक्तीस शेवटीं पुन्हा गुरुकुलाची आवश्यकता वाटावी, याचा अर्थ काय घ्यावयाचा?

एक अर्थ असा निघतो कीं, वर्गाचा प्रयोग फसला. आमच्या मतें तो बरोबर नाहीं. पूर्वींच्या गुरुगृहांत कोणास घ्यावें हें रक्त, जात, घराणें व गुरूची मर्जी यांवर ठरे. आणि चिजा या घराण्याची मालमत्ता समजून लपविल्या जात. प्रभाताईंचें गुरुकुल त्या अर्थानें जुन्या घराकडे परत जाणें नव्हतें. त्यांनीं स्वतः रचिलेल्या शेंकडों बंदिशी स्वरलिपीसह ‘स्वरांगिनी’, ‘स्वररंजनी’ अशा पुस्तकांतून छापून सर्वांस खुल्या केल्या. अपूर्व कल्याण, मधुरकंस अशा नव्या रागांची रचना केली. ‘स्वरमयी’ व ‘सुस्वराली’ या मराठी पुस्तकांत त्यांनीं आपले विचार मांडले. ‘स्वरमयी’स महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. शास्त्र हें प्रत्यक्ष गायनाच्या मागून चालतें, तेव्हां ग्रंथांतील नियम आजच्या गाण्यावर घासून पाहिले पाहिजेत, हें त्यांचें आग्रहाचें म्हणणें होतें. रागांच्या वेळांसंबंधीं रूढ नियमहि त्यांनीं असेच तपासावयास घेतले. १८ एप्रिल २०१६ रोजीं दिल्लीस त्यांचे अकरा ग्रंथ एकाच समारंभांत प्रसिद्ध झाले. ज्या घरांत विद्या छापून वांटली जाते तें घर जुन्या अर्थानें घराणें राहत नाहीं.

म्हणून आमचें अनुमान असें कीं, वर्ग व गुरुगृह यांपैकीं एक दुसऱ्याची जागा घेऊं शकत नाहीं. वर्गानें प्रवेश सार्वत्रिक केला, स्त्रीस पद व वेतन दिलें, तिच्या शब्दास परीक्षकाचा व विभागप्रमुखाचा अधिकार दिला. गुरुगृहानें विद्येची खोली राखली. जी मुलगी केवळ वर्गांत शिकली तिला गाण्याची माहिती होते. जिला वर्गच मिळाला नाहीं तिला गुरूच्या दारापर्यंत पोंचतांच येत नाहीं. बहिणाबाईंच्या काळीं दोन्ही नव्हतीं. हिराबाईंस पहिलें गुरुगृह आपल्या कुळांतच मिळालें. कुळांत गाणें नसलेल्या प्रभाताईंस दोन्ही मिळालीं, व त्यांनीं दोन्ही दुसऱ्यांस दिलीं. त्यांच्या कार्याचें ऐतिहासिक स्थान आम्ही येथें मानतों.

शासनानें त्यांस इ. स. १९९० त पद्मश्री, २००२ त पद्मभूषण व २०२२ त पद्मविभूषण हे किताब दिले. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांस १९९१ त मिळाला. १३ जानेवारी २०२४ रोजीं पुण्यास त्या निवर्तल्या. तेव्हां त्यांचें वय एक्याण्णव वर्षांचें होतें, आणि मुंबईचा एक कार्यक्रम त्यांच्यापुढें ठरलेला होता.

(८)

शेवटीं आपल्या प्रांताविषयीं दोन शब्द. जळगांवच्या विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजीं झाली, व इ. स. २०१८ त त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव देण्यांत आलें. अक्षरओळख नसलेल्या स्त्रीचें नांव विद्यापीठास मिळावें, हा काळाचा न्याय खरा. परंतु नांव देणें निराळें व अधिकार देणें निराळें. मुंबईच्या विद्यापीठास नाथीबाईंचें नांव इ. स. १९२० च्या सुमारास मिळालें. प्रभाताई तेथें संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या त्या त्यानंतर सुमारें साठ वर्षांनीं. मधल्या काळांत ज्या असंख्य स्त्रियांनीं परीक्षा दिल्या, शिकवण्या केल्या, शाळांतून प्रार्थना व पदें बसविलीं, त्यांच्या श्रमांवर हें अंतर काटलें गेलें. प्रभाताईंसारख्यांचे ग्रंथ व ध्वनिमुद्रिका उरतील. या स्त्रियांचें कार्य मात्र जुन्या वह्या, परीक्षांचीं प्रमाणपत्रें, वर्गांचीं हजेरीपत्रकें, संमेलनांच्या छापील पत्रिका व मुलींनीं हातानें उतरून घेतलेल्या चिजा एवढ्यांतच शिल्लक आहे. हे कागद सनदांसारखे पेटींत जपले जात नाहींत. घर बदलतांना ते प्रथम रद्दींत जातात.

जळगांव, धुळें, अमळनेर, भुसावळ, तसेंच पिंप्राळ्यासारख्या गांवांतील ज्या घरांत असे कागद असतील त्यांनीं ते नष्ट होऊं देऊं नयेत. वर्ग कोणत्या सालीं निघाला, शिक्षिका कोणापाशीं शिकली, मुली किती होत्या, फी काय होती, आणि घरच्यांचा विरोध कसा निवळला, एवढ्या पांच गोष्टी जरी प्रत्येक ठिकाणच्या नोंदल्या गेल्या तरी खानदेशांतील स्त्रियांच्या संगीतशिक्षणाचा इतिहास लिहितां येईल. ज्यांनीं अशा शिक्षिकांपाशीं गाणें घेतलें त्यांपैकीं अनेकजणी आज वृद्ध आहेत. त्यांच्या तोंडची हकीगत आतांच टिपून घेतली पाहिजे, कारण ती पुढील पिढीस दुसरीकडून मिळणार नाहीं.